तबकडीवरचं नाव

हिंदी चित्रपटात गाणं आधी तयार होतं आणि दृश्य नंतर. गीतकार आणि संगीतकार मिळून गाणं बांधतात, गायिका स्टुडिओत येऊन ते गाते. पुढे कधीतरी एखाद्या सेटवर वा बागेत तेच गाणं मोठ्याने लावलं जातं आणि नायिका त्यावर ओठ हलवते. पडद्यावर चेहरा एकीचा, गळा दुसरीचा. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातला पेच लक्षातच येत नाही. जिचं काम साऱ्या देशाच्या कानावर पडतं, ती स्वतः कुणालाच दिसत नाही. मग गाण्याखाली नाव कुणाचं लावायचं? गाण्याच्या कमाईत तिचा वाटा असतो की नाही? आणि ध्वनिमुद्रण झाल्यावर त्या आवाजावर हक्क कुणाचा?

लता मंगेशकर यांच्या गाण्याबद्दल मराठीत भरभरून लिहिलं गेलं आहे. पण पार्श्वगायन हा एक व्यवसाय आहे आणि त्याचे नियम घडवण्यात या बाईंनी आयुष्यभर भांडून मोठा वाटा उचलला, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं. त्यांची कारकीर्द वरच्या तीन प्रश्नांच्या अंगाने पाहिली, तर भारतातल्या पार्श्वगायनाचा जवळजवळ सगळा इतिहास हाती लागतो.

गळा आणि चेहरा वेगळे झाले

१९३१ साली ‘आलम आरा’ बोलू-गाऊ लागला तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर गात आणि वादक चौकटीबाहेर, कुठे झाडाआड नाहीतर पडद्याआड, बसून वाजवत. पुढच्याच वर्षी आलेल्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी आपली गाणी स्वतःच म्हटली. ‘संत तुकाराम’मधले विष्णुपंत पागनीस आणि ‘कुंकू’तली शांता आपटे यांनाही दुसऱ्या कुणाचा गळा लागला नाही. गाता येणं ही नटाची पहिली पात्रता होती. संगीत नाटकांवर वाढलेल्या महाराष्ट्राला त्यात वावगं काही वाटण्याचं कारणच नव्हतं.

१९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये नितीन बोस यांनी ‘भाग्यचक्र’ हा बंगाली चित्रपट आणि ‘धूपछाँव’ ही त्याची हिंदी आवृत्ती काढली. रायचंद बोराल यांचं संगीत असलेल्या या चित्रपटांत गाणं आधी मुद्रित करून मग त्यावर चित्रण करण्याचा मार्ग खुला झाला. दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं. नटीला गाता यायची गरज उरली नाही आणि गाणारीला पडद्यावर उभं राहायची. एक नवा व्यवसाय जन्माला आला. त्याला मान काय, मोबदला काय, नाव कुठे, हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. अनेक तबकड्यांवर गायिकेच्या जागी चित्रपटातल्या पात्राचं नाव छापून मोकळे होत.

‘आवाज पातळ आहे’

मास्टर दीनानाथ मंगेशकर २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात गेले तेव्हा थोरली मुलगी लता बारा वर्षांची होती. त्याच वर्षी ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी तिने गायलेलं गाणं चित्रपटातून वगळलं गेलं. ‘पहिली मंगळागौर’मध्ये ती गायली आणि लहानशी भूमिकाही केली. पुढे मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये पगारी नोकरी, आधी कोल्हापूर आणि १९४५ पासून मुंबई. तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यापुढे उभं राहणं तिला कधीच रुचलं नाही, पण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. मुंबईत उस्ताद अमानअली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे तालीम सुरू झाली. १९४७ मध्ये मास्टर विनायकही गेले आणि नोकरीचा आधार तुटला.

या वळणावर संगीतकार गुलाम हैदर भेटले. त्यांनी तिला गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये शशधर मुखर्जींकडे नेलं. तेव्हा ‘शहीद’ची तयारी चालू होती. मुखर्जींनी आवाज ऐकला आणि फारच पातळ आहे म्हणून नाकारला. नूरजहाँ, शमशाद बेगम, जोहराबाई अंबालेवाली यांच्या भरदार, खुल्या आवाजांचा तो जमाना होता, तेव्हा व्यापाराच्या हिशेबाने मुखर्जींचा निर्णय समजण्याजोगा आहे. गुलाम हैदर मात्र चिडले. गोरेगाव स्टेशनात गाडीची वाट बघताना त्यांनी हातातल्या सिगारेटच्या डब्यावर ठेका धरला आणि आपली एक चाल तिच्याकडून गाऊन घेतली. लताबाईंनी हा प्रसंग पुढे अनेकदा सांगितला आहे. ती चाल ‘मजबूर’ (१९४८) मधली होती आणि तिथून हिंदी चित्रपटसृष्टीने या आवाजाची दखल घ्यायला सुरुवात केली.

आवाज असला म्हणजे पार्श्वगायक होता येत नाही, ते वेगळं तंत्र आहे. अनिल विश्वास यांनी त्यांना श्वास कुठे आणि कसा घ्यायचा, माइकपासून तोंड केव्हा वळवायचं, हे शिकवलं. मैफलीत दम घेतलेला ऐकू आला तर चालतं, माइक मात्र तो जसाच्या तसा पकडतो आणि शब्द मधोमध तुटतो. लोकलच्या एका प्रवासात दिलीपकुमार यांनी मराठी माणसांच्या उर्दूला वरण-भाताचा वास येतो असा शेरा मारला. लताबाईंनी तो मनाला लावून घेतला आणि मौलवी ठेवून उर्दूचे धडे घेतले. ध्वनिमुद्रणाला गेल्यावर गाण्याचे शब्द त्या आपल्या हाताने देवनागरीत उतरवून घेत. पायांतली चप्पल काढून, अनवाणी उभं राहून गायची सवय शेवटपर्यंत राहिली.

त्या काळचं ध्वनिमुद्रण डोळ्यांपुढे आणल्याशिवाय या शिस्तीचं मोल कळत नाही. एक-दोन माइक, त्यांच्याभोवती वाद्यवृंद आणि गायिका, आणि गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात. तबल्याचा ठेका घसरला, व्हायोलिनची एखादी सुरावट चुकली किंवा गाणारीला ठसका लागला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटं चाले. मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले संगीताचे तुकडे या मापात बसवावे लागत. आपल्या सिनेगीताला जो बांधेसूदपणा आला, त्यात या मापाचा वाटा मोठा आहे.

त्या वाद्यवृंदात गोव्याची माणसं फार होती. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकून आलेल्या या वादकांना पाश्चात्त्य पद्धतीने कागदावर संगीत लिहिता-वाचता येई. हिंदुस्थानी संगीतकाराने पेटीवर वाजवलेली चाल चाळीस-पन्नास वादकांसाठी कागदावर मांडण्याचं काम त्यांच्यातल्या संयोजकांनी केलं. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा भव्य साज सेबॅस्टियन डिसोझा यांच्या हातचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना व्हायोलिन शिकवलं. ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभच्या पात्राला प्यारेलाल यांच्या गुरूचं नाव मिळालं, म्हणून ते नाव देशाच्या कानावर तरी गेलं. बाकीच्या कितीतरी जणांची नावं कुठल्याही तबकडीवर आली नाहीत. बिननावाचे राहिले ते एकटे गायकच नव्हेत.

कामिनी कोण?

१९४९ मध्ये बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचं, पडद्यावर मधुबाला. ‘आएगा आनेवाला’ हे गाणं एका ओसाड हवेलीत दुरून ऐकू येतं आणि हळूहळू जवळ येतं. आज तो परिणाम यंत्रावर बोट ठेवून साधता येईल, तेव्हा तसं यंत्र नव्हतं. माइक खोलीच्या मधोमध ठेवला आणि लताबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या संथ, ठेका नसलेल्या ओळी गात त्या एकेक पाऊल माइककडे सरकत गेल्या आणि मुखड्याच्या वेळी नेमक्या त्याच्यासमोर पोचल्या. चालताना सूर हलू द्यायचा नाही, पावलांचा आवाज होऊ द्यायचा नाही, आणि माइकपाशी पोचण्याचा क्षण चुकवायचा नाही. ते जमेपर्यंत पुन्हा पुन्हा गावं लागलं. गाणं आज ऐकलं तर ती पावलं दिसत नाहीत, पण अंतर कमी होत जाताना स्पष्ट जाणवतं.

तबकडी बाजारात आली तेव्हा गायिकेच्या जागी नाव होतं ‘कामिनी’. हे मधुबालेच्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं की श्रोते पत्रं पाठवून विचारू लागले, ही गाणारी कोण? रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि मग निवेदनात लता मंगेशकर हे नाव सांगितलं जाऊ लागलं. लताबाईंनी ही हकीकत मुलाखतींत सांगितली आहे. त्यानंतर तबकडीवर गायकाचं नाव हवंच असा आग्रह त्यांनी धरला आणि १९५० च्या दशकात ती रीत पक्की होत गेली.

नावासाठी इतका हट्ट कशाला, गाणं लोकांना आवडलं ना, असं कुणी म्हणेल. पण पार्श्वगायिकेला चेहरा नसतो. रंगमंचावरचा गवई लोकांना दिसतो, ओळखला जातो. तिची ओळख म्हणजे नाव आणि आवाज, तिसरं काही नाही. नावच गेलं तर पुढचं काम कुणाला द्यायचं, मानधन कुणी वाढवून मागायचं, आणि हक्क कुणाचा म्हणून सांगायचा?

पुरस्कार आणि पैसा

दुसरा झगडा सन्मानाचा होता. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यांत पार्श्वगायनाचा विभाग नव्हता. १९५७ मध्ये ‘चोरी चोरी’साठी शंकर-जयकिशन यांना पुरस्कार मिळाला आणि सोहळ्यात लताबाईंनी त्यातलं ‘रसिक बलमा’ गावं अशी जयकिशन यांनी गळ घातली. लताबाईंनी ठाम नकार दिला. पुरस्कार चालीला आहे, गाणाऱ्याला नाही, तेव्हा नुसती चाल वाजवा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९५९ पासून पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळाला. गायक आणि गायिका यांच्यासाठी वेगळे पुरस्कार व्हायला मात्र १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. १९७० नंतर, नव्या मुलींना वाव मिळावा म्हणून, त्यांनी हा पुरस्कार घेणं थांबवलं.

तिसरा झगडा पैशाचा, आणि तो सर्वांत कडू ठरला. तबकडी जितकी खपेल तितका निर्मात्याला आणि संगीतकाराला लाभ होत राही, पण गायकाचा संबंध एकदा मिळालेल्या मानधनावर संपे. गायकालाही खपातला वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी लताबाईंनी १९६० च्या दशकात लावून धरली. महंमद रफी यांचं मत वेगळं होतं. मानधन घेतलं की आपलं देणं-घेणं मिटलं, निर्माता जोखीम घेतो तर नफाही त्याचाच, असा त्यांचा सरळ विचार. मतभेद इतके ताणले गेले की काही वर्षं दोघांनी एकत्र गायचंच सोडलं. त्या काळातली रफींची बरीच युगुलगीतं सुमन कल्याणपूर आणि इतर गायिकांच्या वाट्याला आली. सुमनताईंचा आवाज लताबाईंच्या आवाजाशी इतका मिळता की त्यांची कितीतरी गाणी लोक लताची म्हणून ऐकत राहिले. थोर गायिकेचंही नाव तिच्या गाण्यावरून कसं पुसलं जातं, याचं हे उदाहरण आपल्या घरातलंच.

रफींच्या भूमिकेत खोट नव्हती, तो माणसाच्या स्वभावातला दिलदारपणा होता. पण एकट्याच्या दिलदारपणावर व्यवसायाचा नियम उभा करता येत नाही. रफींना काम मागायला कुणाच्या दारात जावं लागत नव्हतं. वर्षात चार गाणी मिळणाऱ्या गायकाला म्हातारपणी त्या चार गाण्यांतून काही मिळणार की नाही, हा खरा प्रश्न होता. लताबाईंना स्वतःला पैशाची ददात नव्हती, तरी त्या अडून बसल्या, हे मला त्यांच्या मोठेपणातलं फार मोठं वाटतं.

याच काळात त्यांनी एक गोष्ट उलट केली. भालजी पेंढारकर यांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’ या चित्रपटांना संगीत दिलं ते ‘आनंदघन’ या नावाने. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे चारचौघांत उघड झालं. नावासाठी झगडणाऱ्या बाईने स्वतःचं नाव झाकून ठेवलं, यात विसंगती नाही. कामिनी हे नाव तिला न विचारता लावलं गेलं होतं, आनंदघन हे तिने स्वतः निवडलं. नाव लावायचं की नाही हे कलावंताने ठरवायचं, दुसऱ्या कुणी नाही, हाच तिचा मुद्दा होता.

नावांच्या या हेळसांडीचा एक परिणाम आकड्यांवरही झाला. १९७४ च्या गिनीज बुकात लताबाईंच्या नावावर २५,००० गाणी लागली. रफींनी त्यावर हरकत घेतली आणि पुढे ती नोंद निघाली. कानपूरचे हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचे कोश तयार केले, मुंबईचे विश्वास नेरूरकर यांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. अशा चिकाटीच्या कामांतून हिंदी चित्रपटगीतांचा खरा आकडा पाच हजारांच्या आसपास असल्याचं समोर आलं. हे काम कुठल्या कंपनीने केलं नाही. जुन्या तबकड्या आणि गाण्यांच्या पुस्तिका धुंडाळत रसिकांनी ते केलं.

कायदा पोचला, पण उशिरा

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गायकाला जागाच नव्हती. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे संगीतकार-गीतकार आणि निर्माते यांच्यातला वाद आला आणि निकाल निर्मात्यांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतःची पुरवणी जोडून खंत व्यक्त केली की भारतीय संगीतात प्राण ओततो तो गाणारा, आणि कायद्यात त्यालाच काही नाही. संसदेने याचा विचार करावा, असं त्यांनी सुचवलं.

१९९४ च्या दुरुस्तीने कलावंताचा सादरीकरणावरचा हक्क मान्य केला. त्यातही मेख होती. चित्रपटासाठी गायला संमती दिली की तो हक्क संपे, म्हणजे पार्श्वगायक पुन्हा कोरडाच. खरा बदल झाला मे २०१२ मध्ये. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी ज्या विधेयकाची बाजू हिरिरीने मांडली, त्याने गीतकार-संगीतकारांबरोबर गायकांचीही दखल घेतली. गाण्याचा व्यापारी वापर झाला तर गायकाला रॉयल्टी मिळावी आणि सादरकर्ता म्हणून त्याचं नाव लागावं, हे दोन्ही हक्क कायद्यात आले. २०१३ मध्ये गायकांची हक्कसंस्था नोंदली गेली, तिच्यामागे उभ्या राहिलेल्यांत लताबाईही होत्या. वय ८३.

गायकाच्या या हक्काची मुदत मात्र ५० वर्षांची आहे. ‘महल’चं ध्वनिमुद्रण १९४९ चं. म्हणजे ज्या गाण्यापासून नावाचा झगडा सुरू झाला, ते या मुदतीत बसतच नाही. ज्यांनी वाट पाडली त्यांची पहिली उमेदीची गाणी मुदतीबाहेर राहिली आणि फळ पुढच्या पिढ्यांना मिळालं.

त्या पिढ्यांपुढचे प्रश्न आणखी वेगळे आहेत. आता गायक एकटाच कानाला हेडफोन लावून काचेच्या खोलीत गातो, ओळी तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होतात आणि मागाहून जोडल्या जातात. एकच गाणं दोन-तीन गायकांकडून गाऊन घेऊन शेवटी कुणाचा आवाज ठेवायचा ते ठरवण्याची पद्धत रूढ झाली आहे. आणि आता तर गायकाला न बोलावताही त्याचा आवाज तयार करता येतो. २०२४ मध्ये अरिजित सिंग आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांना, कृत्रिम बुद्धिमत्तेने आपल्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. दोघांनाही न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिलं. कामिनीच्या वेळी आवाज लताचा होता आणि नाव दुसऱ्याचं. आता नाव आशाबाईंचं लागेल आणि आवाज यंत्राचा असेल. दोन्हींत गायिकेला कुणी विचारलेलं नाही.

म्हणून नावाकडे मिरवण्याची बाब म्हणून पाहू नये. रॉयल्टीचा सगळा हिशेब नावाच्या नोंदीवर चालतो. यादीत गायकाचं नाव नसेल किंवा चुकीचं असेल, तर कायदा कितीही चांगला असो, पैसे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आपल्याकडे आकाशवाणीच्या निवेदकांनी वर्षानुवर्षं प्रत्येक गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावं सांगितली आणि श्रोत्यांना ती पाठ झाली. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये मात्र गाण्याखाली पुष्कळदा चित्रपटाचं नाव ठळक दिसतं, माणसांची नावं अर्धवट किंवा गायब. ती पूर्ण द्यायला फार खर्च येत नाही, मागणी यावी लागते. कॉलेजच्या संमेलनात, गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रात, घरच्या मैफलीत गाणं म्हणण्याआधी मूळ गायकाचं नाव घेतलं, कंपनीने चुकीचं नाव लावलं तर कळवलं, तर ती मागणी आपोआप उभी राहते. गायकांना हक्क त्यांच्या झगड्याने मिळाला. तो वापरात आणायचा तर ऐकणाऱ्यांनीही नावाचा आग्रह धरायला हवा.